एक पाऊल, दोन साक्षीदार

माणसाने कुणाच्या पावलावर पाऊल ठेवावे, या विषयावर आमच्या घरात आजवर एकमत झालेले नाही. आईचे म्हणणे असे, की मी वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवले असते तर एव्हाना निदान शाखाधिकारी झालो असतो. सौ.चे म्हणणे असे, की मी वडिलांच्याच पावलावर पाऊल ठेवले म्हणून शाखाधिकारी झालो नाही. चिरंजीव दहा वर्षांचे आहेत. त्यांना या वादात रस नाही. त्यांना ज्यांच्या पावलांत रस आहे ती मंडळी काही कोटी वर्षांपूर्वी मेलेली आहेत, आणि मेलेल्या खातेदारांचा मला नोकरीत फार त्रास झालेला असल्यामुळे मी त्या बाबतीत जरा सावध असतो.

आमच्या चिरंजीवाला सतराचा पाढा येत नाही. तेरा साते किती म्हटले की तो पंख्याकडे बघतो. पण टायरॅनोसॉरसपासून पुढे वीस-पंचवीस डायनासोरांची नावे, वजने, आहार आणि स्वभाव त्याला असे पाठ, की वधूवर सूचक मंडळात ठेवावा. गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून त्याने मला विचारले, "बाबा, इथे डायनासोर का नाही सापडत?"

मी बी.कॉम. माणूस. अशा वेळी बाप जे करतो ते मी केले. "अभ्यास कर," म्हणालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचू लागलो तेव्हा कळले, की आपल्या सातारा-सांगलीची केस फारच वाईट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, थरावर थर. अजिंक्यतारा, सज्जनगड, महाबळेश्वर, सगळी त्याचीच शिल्लक. त्याच्या आधी इथे कुणी चालले असेल तर त्याचा कागद त्या दगडाखाली गेला. बरे, खाली तरी असावा? कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्या भागात खोल भोके पाडली. एक तर तीन किलोमीटर खोल. वरचा काळा दगड कुठे हजार मीटरच्या आत, कुठे बाराशेच्या वर. आणि तो संपला की खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, अतिप्राचीन दगड. मधला गाळाचा थरच नाही. म्हणजे नुसती खतावणी जळाली असे नव्हे. मधल्या काळाची खतावणी उघडलीच नव्हती, किंवा उघडून कुणीतरी पाने फाडून नेली. एवढ्या मोठ्या घोटाळ्याची चौकशीही झालेली नाही.

महाराष्ट्रात डायनासोर अजिबात नाहीत असे मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे त्यांची हाडे सापडतात आणि त्याहून प्रसिद्ध म्हणजे त्यांचे शेण सापडते. दगड झालेले. २००५ साली शास्त्रज्ञांनी ते शेण तपासून सिद्ध केले, की डायनासोर असताना गवत उगवलेले होते आणि ते खाल्ले जात होते. जगभर खळबळ झाली म्हणे. मी हे घरी उत्साहाने सांगितले. सौ. म्हणाली, "रजा काढून, पैसे खर्चून, शेण बघायला मी येणार नाही. माहेरी गोठा आहे."

रजेचा विषय निघण्याचे कारण, आमची एलएफसी लॅप्स होत आली होती. ज्यांना बँकेत नोकरी नाही त्यांच्यासाठी सांगतो: एलएफसी म्हणजे बँकेने दिलेले प्रवासभाडे. ते वापरले नाही तर मेलेल्या चुलत्याची इस्टेट दुसऱ्याने खाल्ल्यासारखे वाटते. सौ.ला केरळात नावेतल्या घरात राहायचे होते. आईला गाणगापूर. चिरंजीवाला डायनासोर. शेवटी त्यानेच कुठूनसे शोधून काढले, की राजस्थानात जैसलमेरजवळ थईयात नावाच्या गावापाशी एक टेकाड आहे आणि तिथे डायनासोरच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. जैसलमेर म्हटल्यावर सौ.ने किल्ला, हवेल्या आणि घागरे मनात आणले. आईने विचारले, "पावलं आहेत ना? मग चला."

आईचे बरोबर होते. आमच्या भागात पाऊल हाच मोठा देव. औदुंबरला दत्ताच्या विमल पादुका, नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. मूर्ती नसली तरी चालते, पाऊल लागते. वारकऱ्यांच्या पालखीतही असतात त्या पादुकाच. आणि डोंगरात कुठे खड्डा दिसला की तो भीमाच्या गुडघ्याचा नाहीतर रामाच्या पायाचा. हे आपल्याकडेच चालते असे मात्र समजू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८०२ साली प्लायनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला नांगरताना तीन बोटांच्या पावलांचा दगड सापडला. लोक म्हणाले, हा नोहाने तारवातून सोडलेला कावळा. पुढे हिचकॉक नावाच्या प्राध्यापकाने तसले ठसे गोळा करण्यात सारा जन्म घातला, आणि त्याची खात्री होती की हे प्रचंड पक्षी. डायनासोर हे नावच १८४२ मध्ये आले, त्याला तो बिचारा काय करणार?

तिकिटे काढली, आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून दादाचा फोन आला.

"अंगणात टाइल्स टाकतोय. कोबा फुटलाय, आईचा पाय अडखळतो. तुझं काही म्हणणं?"

इथे आमच्या अंगणातल्या कोब्याविषयी सांगितले पाहिजे. तो अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मी चार वर्षांचा असताना घातला. सिमेंट तेव्हा सहजासहजी मिळत नसे. परमिट, वशिला आणि वाट बघणे या तीन गोष्टींतून ते मिळे. त्या कोब्यावर मधोमध एका लहान मुलाचे पाऊल उमटलेले आहे. घरी कुणी पाहुणा आला की अण्णा चहा होईपर्यंत त्याला अंगणात नेत आणि म्हणत, "हा बघा आमच्या कारट्याचा पराक्रम. ओल्या कोब्यावरनं पळत गेलं!" कारटे कोणते, हे ते सांगत नसत. अण्णा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. जेवढे विचारले असेल तेवढ्यालाच उत्तर द्यायचे, ही त्यांची पद्धत. आम्ही दोघे भाऊ समोर उभे असू आणि पाहुणा दोघांकडेही संशयाने बघे.

माझा दावा असा, की ते पाऊल माझे. पुरावा म्हणजे त्याबद्दल खाल्लेली चापट मला अजून आठवते. अण्णांचा हात सहसा उठत नसे आणि फिरतही नसे. ना मार, ना कौतुक. त्यामुळे ती एक चापट मी चाळीस वर्षे जपून ठेवली होती आणि तिच्यावर चक्रवाढ व्याज लावत होतो. दादाचा दावा असा, की पाऊल त्याचे. तो तेव्हा सहा वर्षांचा. अण्णा २०२१ मध्ये गेले. निवाडा द्यायला कुणी उरले नाही.

"टाक टाइल्स," मी म्हणालो. आईचा पाय महत्त्वाचा. दादाही "बरं" म्हणाला. पण फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही.

मिरजेहून थेट जोधपूरची गाडी मिळते. आई साताऱ्याला गाडीत चढली, ती दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो कंदी पेढे घेऊन. पेढे जोधपूरच्या पाव्हण्यांसाठी. हे पाव्हणे विट्याचे. आमच्या शाखेतल्या एका खातेदाराचे धाकटे बंधू. धंदा गलाईचा. सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणे, हा तो धंदा. सांगली जिल्ह्याचा खानापूर-आटपाडीकडचा भाग दुष्काळी. शेतात पिकत नाही म्हणून तिथली माणसे दुसऱ्याचे सोने गाळायला निघाली आणि हिंदुस्थानभर पसरली. बाजारपेठ कुठलीही असो, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात "काय पाव्हणं, कुठलं गाव?" म्हणणारा विट्याकडचा माणूस भेटतो. पाव्हण्यांनी गाडी, ड्रायव्हर आणि स्वतःला आमच्या हवाली केले. काय बघायचे आहे ते ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले.

"साहेब, किल्ला बघा, उंटावर बसा. पाय कशाला बघायचा? आन् तोबी मेलेल्याचा?"

"पाव्हणे, आमच्या नोकरीत पायाला फार किंमत आहे," मी म्हणालो, आणि ते खरे आहे. सही येत नसेल तर अंगठा घेतात, हे सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. पण म्हातारपणाने वा आजाराने हाताचा अंगठाही उठत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तीन-चार वर्षांपूर्वी मी एका आजींच्या घरी असा ठसा घ्यायला गेलो होतो. सोबत अधिकारी होते. मी गुडघ्यावर बसून शाईचा पॅड त्यांच्या पायाला लावला. आजींना ते फार अवघड झाले. "साहेब, पाय नका हो धरू, मला पाप लागंल," म्हणत त्या पाय मागे घेऊ लागल्या, आणि पहिला ठसा फिसकटला. दुसरा नीट आला. पंधराशे रुपये मिळाले. त्या दिवसापासून ठसा दिसला की मी आधी तो फिसकटलेला आहे का ते बघतो.

जोधपूर ते जैसलमेर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, आणि थईयात जैसलमेरच्या अलीकडेच, त्याच रस्त्याला. तेव्हा घागऱ्यांच्या आधी पाऊल, असे ठरले. वाळवंट म्हटले की सिनेमातल्यासारखे सोनेरी वाळूचे डोंगर येतील, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात सपाट माळ, पिवळट-तांबूस दगड, मधूनच खुरटी झुडपे, शेळ्या, आणि वर आभाळ. आई गाडीतून उतरली, कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिले आणि म्हणाली, "हे तर आपलं दहिवडीच आहे की रे."

आईचे माहेर माण तालुक्यात. तिला वाळवंट दाखवायला साडेचौदाशे किलोमीटर आणणारा मी पहिलाच.

पाव्हणे म्हणाले, "काकू, मलाबी पैल्यांदा आलो तवा आटपाडीतच उतरल्यागत वाटलं. म्हनूनच टिकलो हितं."

चाल सोपी होती. पंधरा-वीस मिनिटांचा मंद चढ, पायाखाली फरशीसारखे पापुद्रे निघणारे दगड. जानेवारीची सकाळ, ऊन कोवळे. आईने नातवाने घेऊन दिलेले स्पोर्ट शूज नऊवारीखाली घातले होते. गुडघे दुखतात म्हणून जिला सज्जनगडाच्या पायऱ्या सोडाव्या लागल्या, ती बाई पुढे आणि मी मागे धापा टाकत, असा तो ताफा. आम्ही चढलो त्या वाटेला पाटीबिटी काही नव्हती.

आता त्या ठशांची कागदपत्रे. २०१४ च्या जानेवारीत जयपूरला जुरासिक काळाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषद झाली की पाहुण्यांना आसपास फिरवून आणतात. आपल्याकडे घाटावर नाहीतर साखर कारखान्यात नेतात, तसे. त्या फेरीत पोलंडचा आणि स्लोव्हाकियाचा असे दोन शास्त्रज्ञ या टेकाडावर चालत असताना त्यांना ठसे दिसले. एक मोठा, तीन बोटांचा, फूटभर लांब. दुसरा जेमतेम साडेपाच सेंटीमीटरचा. म्हणजे कोंबडीने पाय द्यावा तेवढा. पुढे २०२१ मध्ये आणखी एका जातीची भर पडली, आणि मोठ्या ठशांची लांबी ३५ सेंटीमीटर सांगितली गेली. वय अठरा ते वीस कोटी वर्षांच्या दरम्यान. मोठ्या ठशाला शास्त्रज्ञ युब्रॉन्टिस म्हणतात. आणि गंमत अशी, की हे नाव ठशाचे आहे, प्राण्याचे नव्हे. तो मांसाहारी, दोन पायांवर चालणारा होता, एवढे सांगता येते. पण प्राणी नेमका कोणता, ते हाड सापडल्याशिवाय सांगता येत नाही. ठशाला नाव आहे, ठसा उमटवणाऱ्याचा पत्ता नाही. आमच्या बँकेत असले खाते एक दिवस चालले नसते.

"पण बाबा, इथे समुद्र होता," चिरंजीव सांगत होता. "काठावर ओला चिखल. त्यात तो चालला. मग चिखल वाळला आणि वरून दुसरा गाळ आला."

हे मात्र मला शास्त्रज्ञाशिवाय समजले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यात पाच फूट पाणी होते. ओसरल्यावर घरभर वीतभर गाळ. आम्ही साफसफाईला पोचेपर्यंत त्याच्यावरून एक मांजर देवघरापासून मोरीपर्यंत जाऊन आले होते, आणि ती पावले उन्हाने अशी कडक वाळली होती, की नक्षी काढलेली. तसेच ठेवले असते आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा वर नवा गाळ बसला असता, तर काही कोटी वर्षांनी आमची मोरी हे संशोधनाचे ठिकाण झाले असते. पण सौ. खराटा घेऊन आली. पृथ्वीवर आजवर जी अब्जावधी पावले पडली त्यांतली इतकी थोडी का उरली, याचे कारण मला त्या दिवशीच कळले होते. ठसा टिकायला चिखल लागतो, ऊन लागते, आणि त्या वेळी घरात बाईमाणूस नसावे लागते.

टेकाडावर पोचलो आणि शोध सुरू झाला. दगडावर खड्डे म्हणाल तर शेकड्याने. एक शेळ्यावाला म्हातारा काठी टेकवून आमच्याकडे बघत होता. पाव्हण्यांनी त्याला तिथल्या बोलीत काही विचारले. त्याने आम्हा सर्वांच्या पायांकडे पाहिले, बहुधा कुणाचे काही हरवले आहे असे त्याला वाटले. मग त्याने काठीने एक खड्डा दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. ज्याला जो आवडेल तो घ्या, असा त्याचा उदार भाव होता.

चिरंजीवाने मोबाइलवर मूळ ठशाचा फोटो काढला. आता मी पुढे झालो, कारण हे माझे क्षेत्र. नमुना सही आणि चेकवरची सही शेजारीशेजारी धरून बघणे, हे मी बावीस वर्षे करत आलो आहे. पहिला खड्डा मी नापास केला. त्याला बोटे चार होती. दुसऱ्याला दोनच. तिसऱ्यापाशी मात्र मी खाली बसलो. तीन बोटे. मधले लांब. कडा झिजलेल्या. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटीमीटरची, ती दोनदा आणि वर थोडी ठेवून लांबी भरली तेहतीसच्या आसपास.

"हाच!" चिरंजीव ओरडला.

मला खात्री नव्हती. फोटोतला ठसा हाच, की त्याचा चुलतभाऊ, की पावसाने खाल्लेला साधा दगड, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण पोराच्या तोंडाकडे पाहिले आणि सही पास केली. हाताने सही करणारी म्हातारी माणसे दर वेळी थोडी वेगळी सही करतातच; आणि हा तर वीस कोटींच्या घरातला.

"दोन साक्षीदार लागतात," मी म्हणालो. "एक मी."

"दुसरा मी हाय," पाव्हणे म्हणाले, आणि ठशाकडे न बघताच मान डोलावली. अशाच साक्षीदारांवर बँका चालतात.

आई मागे थांबली होती. वाकून तिने बूट काढले, मोजे काढले, अनवाणी त्या दगडावर आली आणि हात जोडले. सौ. मला हळूच म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना, मांसाहारी होता." मी म्हटले, "राहू दे." आईने डोळे उघडले, ठसा नीट न्याहाळला आणि सर्व शास्त्रज्ञांना विचारावा असा प्रश्न आम्हाला विचारला.

"डावं का उजवं?"

कुणीच बोलेना. चिरंजीव म्हणाला, "एकाच पावलावरून सांगता येत नाही आजी. पुढचं पाऊल सापडलं की कळतं. आणि दोन पावलांतल्या अंतरावरून तो चालत होता की पळत होता तेही कळतं. पावलाच्या लांबीच्या चौपट त्याची कमरेपर्यंतची उंची." त्याने हिशेब केला. तेहतीस चोक एकशे बत्तीस. चारचा पाढा येत होता तर! मग त्याने पुढचे पाऊल शोधायला सगळे टेकाड पालथे घातले. सापडले नाही.

"एकच कसं असेल?" तो हिरमुसला.

"असतं एखादं," मी समजूत घातली. "साताऱ्याच्या अंगणात नाही का माझं? मी पळत गेलो होतो, तरी एकच आहे."

"माझं, म्हणतोय," सौ. म्हणाली. "भाऊजी ऐकतील."

चिरंजीवाने माझ्याकडे असे पाहिले, की त्याच्या जागी हेड ऑफिसचा इन्स्पेक्टर असता तर मी घामाघूम झालो असतो. "बाबा, पळत गेला होता, तर मग तुमचं पुढचं पाऊल कुठंय? आणि मागचं? अंगणाच्या मधोमध एकच पाऊल? तुम्ही काय उडत आलात?"

चाळीस वर्षे मी त्या कोब्यावर चाललो, बसलो, त्याच्यावर पापड वाळत घातलेले राखले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दादालाही नाही. आम्ही दोघेही पाऊल कुणाचे यावरच भांडत होतो.

आई दगडावर बसून मोजे चढवत होती. ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्याला पदर.

"हुशार आहे माझं बाळ," ती म्हणाली. "पळताना एकच पाऊल उठतं होय रे? यांनी उचलून धरलं होतं."

"कुणी?"

"तुझ्या अण्णांनी. गवंडी जेवायला बसला होता परड्यात. अंगणात कुणी नाही असं बघितलं यांनी. मी माजघराच्या खिडकीत होते. काखेत धरून पोराला आडवं नेलं आणि पाय दाबला कोब्यावर. नीट. पुन्हा वाकून बघितलं, बोटं आली का सगळी. मग गवंडी आल्यावर ओरडले, बघा बघा, कारट्यानं काय केलं! आणि एक चापट दिली. गवंडी म्हणाला, लिंपून देतो सायेब, हाय काय त्यात. तर म्हणाले, राहू दे आता, परमिटचं सिमेंट आहे, वाया जाईल."

वारा होता. शेळ्यावाला पुढे निघून गेला होता. सौ.ने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.

"तू कधी बोलली नाहीस?" मी विचारले.

"यांनी मला कुठं सांगितलं? आणि मी बघितलं हे यांना ठाऊक नव्हतं. मग मी कशी सांगणार?"

"पण मग... उचलला होता तो मी की दादा?"

"माझ्याकडे पाठ होती यांची," आई बुटाची नाडी बांधत म्हणाली. "पोराचा पाय तेवढा दिसत होता."

"पायावरून नाही कळलं?"

"तुम्हा दोघांचे पाय सारखेच होते रे. मळलेले."

जैसलमेरचा किल्ला, हवेल्या, उंट हे सगळे झाले. वाटेत आकलचे झाडांच्या दगडी खोडांचे उद्यानही पाहिले. अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली आहेत. घागरे दोन घेतले. या सर्वांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या दिवशी किल्ल्यावर काय पाहिले ते मला नीट आठवत नाही. मी मनात जुने व्याज उलटे फिरवत बसलो होतो. चाळीस वर्षांच्या नोंदी. एकेक काढून रद्द करायच्या म्हणजे वेळ लागतो. दहावीला गुण पडले तेव्हा अण्णा "हं" म्हणाले होते. नोकरी लागली तेव्हा "हं". चिरंजीव झाला तेव्हा दवाखान्यात आले, दारातून बघितले, पुन्हा "हं". त्या प्रत्येक "हं"च्या आधी त्यांनी इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहून काही केले असेल का, हे आता कुठल्या खिडकीतून विचारायचे?

रात्री दादाला फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही.

"लाइन गेली का?" मी म्हणालो.

"नाही. आहे." मग म्हणाला, "चापट मलाही बसली होती."

"केव्हा?"

"त्याच दिवशी. मी तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाला असतास, मग पाऊल तुझंच."

"मी तेच म्हणत आलोय, की चापट मला बसली म्हणून माझं."

"टाइल्सवाला परवा येतोय," दादा म्हणाला. "थांबवू?"

"आईचा पाय अडखळतो."

"ते आहेच."

परतताना आम्ही साताऱ्याला उतरलो. अंगणात टाइल्सचे खोके रचून ठेवलेले, गवंडी कोब्यावर उकिडवा बसून दोरी धरत होता. चिरंजीवाने आल्या आल्या कंपासपेटी काढून पाऊल मोजले. साडेसोळा सेंटीमीटर. चार वर्षांच्या मानाने जरा मोठे, सहाच्या मानाने जरा लहान. उजवे आहे, एवढे मात्र त्याने खात्रीने सांगितले, आणि आईने मान डोलावली.

दादा, मी आणि गवंडी असे तिघे त्याभोवती उभे राहिलो. चिरंजीवाने शास्त्रोक्त सल्ला दिला, की वरून झाकल्यानेच ठसे टिकतात, तेव्हा खुशाल टाइल्स टाका. काही कोटी वर्षांनी कुणीतरी काढेल. गवंड्याला ते पटले. आम्हा दोघांना पटले नाही. शेवटी असे ठरले, की पावलाभोवती एक चौकोन मोकळा सोडायचा, आणि आईचा पाय अडखळू नये म्हणून टाइल्स कडेला उतार देऊन कोब्याच्या बरोबरीला आणायच्या.

"कटिंगचं जादा पडंल," गवंडी म्हणाला. "उतार काढायचा म्हंजी सा फरशा तोडाव्या लागत्यात."

"किती?"

"सहाशे."

तीनशे दादाने दिले, तीनशे मी. पावती मी दोघांच्या नावाने करून घेतली.